गहू वगळून

सोलापूरकडच्या घरात गहू आला नाही तरी चूल अडत नाही, हे आमचं मोठं भाग्य. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, पिठलं, मुगाचं वरण, भात यांत गव्हाचा कण नाही. धाकट्या लेकीला सीलिअॅक आहे. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेननं तिच्या आतड्याचं अस्तर झिजतं. तिला थोडासुद्धा गहू चालत नाही आणि हा जन्मभराचा नियम आहे. सासऱ्यांना, म्हणजे आण्णांना, दूध पचत नाही. पगार एकाचा, खाणारी तोंडं पाच. पण आमचा किराणा महाग होतो तो धान्यानं नव्हे. गव्हापासून बाकीचं सगळं वेगळं ठेवण्यात पैसा आणि कष्ट जातात.

*

गिरणीत दळण नेलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "कशावर टाकू?" आधीच्या माणसाचं पीठ जात्यात उरलेलं असतं, म्हणून ज्वारी तांदळावर टाकतात, गव्हावर टाकत नाहीत. चवीपुरतं ते ठीक आहे. सीलिअॅकच्या माणसाला मात्र तेवढं पुरत नाही. गिरणीत ज्वारीची चक्की वेगळी असली तरी शेजारच्या चक्कीवर दिवसभर गहू चालू असतो. त्याचं पीठ हवेत, झडपेवर, पिशवीवर, गिरणीवाल्याच्या हातावर असतं. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायला कायद्यात किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा आहे, म्हणजे चिमटीतही न येणारं प्रमाण. गिरणीतून आलेल्या पिठात त्याहून कितीतरी जास्त असू शकतं.

बचत गटातून कर्ज काढून आम्ही घरघंटी घेतली. या घरात औषधापेक्षाही गरजेची वस्तू कुठली, तर हीच. शेजारणी प्रेमानं विचारतात, "एवढे पायलीभर गहू दळून देता का?" मी नाही म्हणते आणि का ते समजावून सांगते. एकीलाही राग आला नाही.

*

ज्वारीचं पीठ एकदम दळून ठेवायचं नाही. पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना कडेनं चिरते आणि तव्यावर टाकताना तुटते. ज्वारीत ग्लुटेन नाही म्हणून पीठ धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं. विरी गेलेल्या पिठात उकळतं पाणी घालायचं, चमच्यानं कालवून झाकून ठेवायचं, हाताला सोसेल एवढं निवलं की परातीत तळव्याच्या टाचेनं रगडून मळायचं. लोण्यासारखं मऊ झालं की थापायला घ्यायचं. एका भाकरीपुरतंच मळायचं, सगळं एकदम नाही. बाजरीचं पीठ तर त्याहून नाजूक, आठ-दहा दिवसांत कडू पडतं. थोडं थोडं दळण्यात पीठ ताजं राहतं.

*

ज्वारी गरिबाचं धान्य, हे आता नुसतं म्हणण्यापुरतं उरलं आहे. २०२४-२५ चे हमीभाव बघा, क्विंटलला बाजरी २६२५ रुपये, मालदांडी ज्वारी ३४२१, नाचणी ४२९०. त्याच वर्षीच्या रब्बीतल्या गव्हाला २४२५. दुकानातला दर वेगळा असतो, पण उतरंड अशीच. म्हणून थंडीचे महिने बाजरीवर काढायचे आणि मालदांडी सुगीत, नवा माल बाजारात आला की, जमेल तेवढी एकदम भरायची. उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवली की टिकते. नाचणी पोटभर खाण्यासाठी परवडत नाही. ती आंबिलीपुरती, आणि ती आण्णांच्या हाडांसाठी.

*

रेशनबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे.

अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य, म्हणजे आमच्या कार्डावर २५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळतं. त्यातला तांदूळ आमच्या घराचा कणा आहे. भात, धिरडी, इडली, उकड सगळं त्याच्यावर चालतं. गहू मात्र ज्या घरात आणायचाच नाही, त्या घराच्याही वाट्याला येतो. याच कायद्याच्या अनुसूचीत तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर छापलेले आहेत. म्हणजे ज्वारी-बाजरी देण्याची सोय कायदा करतानाच विचारात घेतलेली होती. २०२३ हे साल जगभर भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं आणि त्याचा आग्रह भारतानंच धरला होता. मग डॉक्टरांचा कागद दाखवणाऱ्या कुटुंबाला गव्हाच्या बदल्यात तेवढ्याच वजनाची ज्वारी का मिळू नये? मागणी फार मोठी नाही. आमच्यासारखी घरं तालुक्यात मोजकीच असतील, पण त्यांच्या महिन्याच्या खर्चात केवढा तरी फरक पडेल.

*

गहू कुठे कुठे लपतो, त्याची एक वही केली आहे. सर्वांत आधी हिंग. आपण वापरतो तो बांधानी हिंग. त्यात खरा हिंग थोडा, बाकी डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्यायची. तांदळाच्या पिठातला मिळाला तर घ्यावा, नाहीतर लसूण आणि जिऱ्याची फोडणी द्यावी. मेतकुटात मूठभर गहू भाजून घालतात. सातूच्या पिठात गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरी असतो. आमच्या भाजणीत त्याऐवजी तांदूळ थोडा वाढवला, कुणाला फरक कळत नाही. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, म्हणून आमच्याकडे तांदळाच्या. खपली पौष्टिक म्हणून पुष्कळ जण सुचवतात, पण खपली गहूच आहे. ती चालत नाही.

चकलीची भाजणी बहुधा निर्धोक. उपासाचं तर जवळजवळ सगळंच चालतं. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. भगर मात्र अख्खी घेऊन निवडून धुवावी, सुटं तयार पीठ घेऊ नये.

*

ज्यांना सीलिअॅकची शंका आहे त्यांच्यासाठी एक कळकळीची गोष्ट. तपासणीआधी गहू बंद करू नका. रक्तातली प्रतिपिंडं आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा यांवरून निदान होतं. गहू आधीच सोडला तर अहवाल चांगला येतो आणि आजार तसाच राहतो. आपल्याकडे हा आजार उत्तरेपेक्षा कमी दिसतो, त्यामुळे तो चटकन कुणाच्या मनात येत नाही. लेकराची उंची खुंटते, पोट फुगतं, लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही. अशा वेळी पालकांनी स्वतःहून विचारावं, "सीलिअॅकची तपासणी करायची का?"

*

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध पक्का केला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. त्याला संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि अशा उपासमारीतही या आजाराची मुलं सुधारत असल्याचं दिसलं. १९५० मध्ये त्यानं त्यावर प्रबंध लिहिला. भुकेल्या देशात, आजारी मुलांच्या ताटाकडे कुणीतरी एवढं बारकाईनं पाहिलं, याबद्दल मला त्या माणसाविषयी फार कृतज्ञता वाटते.

*

आण्णांचं गणित सोपं आहे. दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं विकर लहानपणानंतर पुष्कळ जणांत कमी होत जातं. ही दुधाची अॅलर्जी नव्हे. अॅलर्जी असती तर दुधाचा थेंबही वर्ज्य झाला असता. विरजणात लॅक्टोज कमी होतं, त्यामुळे ताक त्यांना पचतं, तूपही पचतं. चहा ते कोराच घेतात, गवती चहा घालून. लॅक्टोज काढलेलं दूध बाजारात मिळतं, पण त्याच पैशात कॅल्शियमच्या स्वस्त वाटा सापडतात. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. ते सगळंच अंगी लागत नाही हे खरं, पण नाचणी भिजवून, मोड आणून, आंबवली की जास्त लागतं. शिवाय तीळ. तिळाची चटणी रोज चमचाभर त्यांच्या ताटात असतेच.

*

एका घरात दोन स्वयंपाक करायचे नाहीत, हा माझा आग्रह. धाकटीसाठी वेगळी भाकरी आणि बाकीच्यांना पोळी केली की खर्च वाढतो, पोळपाट-लाटणं-तवा दुहेरी लागतो आणि लेकराला आपण वेगळे आहोत हे तीन वेळा कळतं. म्हणून सगळे भाकरी खातात. थोरला बाहेर मित्रांबरोबर पाव-भाजी खातो, त्याला माझी हरकत नाही. घरी आल्यावर हात-तोंड धुवायचं, एवढं तो न सांगता करतो.

*

वेळ अमावस्येला शेतात जेवायला बोलावतात तेव्हा माझा जीव शांत असतो. भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. आण्णाही जेवतात, धाकटीही जेवते. गव्हाची खीर तेवढी बाजूला. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीही अशीच, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. आपल्या सणांत तिला पोटभर जेवता येईल असं किती आहे, हे शोधायला लागल्यावरच लक्षात आलं.

*

मधल्या वेळचं खाणं: चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे-गूळ, ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याचा लाडू. 'ग्लुटेन-फ्री' बिस्किटांचा पुडा साध्या पुड्याच्या कितीतरी पट महाग, आणि त्यात साखर आणि स्टार्चच जास्त. तो वर्षातून वाढदिवसाला. शाळेत बाईंकडे राजगिऱ्याच्या चिक्कीची पिशवी ठेवली आहे. वर्गात कुणी केक वाटला की त्या तिच्या हातावर चिक्की ठेवतात. सहलीला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गुळाचा खडा. कडक भाकरी कित्येक दिवस टिकते. विकतची घ्यायची झाली तर करणाऱ्या बाईंना विचारावं, त्याच परातीत पोळ्यांची कणीकही मळता का.

*

लग्नाकार्यात निघण्याआधी धाकटीला घरी जेवू घालते. तरी पंगतीत बसायची तिला हौस असते, आणि ती पुरवावी. आदल्या दिवशी यजमानांना फोन करायचा, सकाळी गेल्या गेल्या आचाऱ्याला भेटायचं. त्याला आजाराचं नाव सांगून उपयोग नाही. एवढंच सांगायचं, "दादा, वरणाला हिंगाची फोडणी द्यायच्या आधी एक वाटी वरण आणि मूद-दोन मुदी भात या डब्यात काढून ठेवा. पुऱ्यांचा झारा त्यात घालू नका." डबा आपला, झाकण लावलेला, वर तिचं नाव. आजवर एकाही आचाऱ्यानं नाही म्हटलेलं नाही. एकानं तर वर लिंबाची फोड आणि साजूक तुपाची वेगळी वाटी ठेवली होती.