अर्धवट थांबणाऱ्या सुरांचे शहर : क्राकोव

युरोपच्या सहलीचा बेत आखताना आपल्याकडील बहुतेक कुटुंबे लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंड यांच्यापलीकडे जात नाहीत. पोलंडचे नाव त्या यादीत क्वचितच असते. खरे तर हा देश मराठी माणसाला अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेले सुमारे ५,००० पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले होते. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक होती.

त्या युद्धात जर्मनांनी पोलंडची राजधानी वॉर्सा ठरवून जमीनदोस्त केली. दक्षिणेकडील क्राकोव या जुन्या राजधानीच्या वास्तू मात्र वाचल्या. म्हणून जुना पोलंड पाहायचा, तर व्हिस्तुला नदीकाठच्या या शहरात जायला हवे. वॉर्साहून रेल्वेने सुमारे अडीच तासांत येथे पोहोचता येते.

भव्य चौक

जुने शहर पायीच पाहावे. त्याची तटबंदी एकोणिसाव्या शतकात बहुतेक पाडली गेली आणि त्या जागी शहराभोवती बागेचा हिरवा पट्टा तयार झाला. उत्तरेला फ्लोरियान दरवाजा आणि त्याच्यासमोरचा गोल बुरूज शिल्लक आहे. या दरवाजातून सरळ चालत गेले की मुख्य चौक लागतो. १२४१ साली मंगोलांनी शहर उद्ध्वस्त केल्यानंतर १२५७ मध्ये या चौकाची आखणी झाली. त्याची प्रत्येक बाजू सुमारे २०० मीटर लांब आहे. मधोमध जुना कापडबाजार आहे. आज तेथे कापडाऐवजी अंबरचे दागिने आणि लाकडी खेळणी मिळतात.

चौकाच्या कोपऱ्यात सेंट मेरी चर्च आहे. त्याचे दोन मनोरे कमीअधिक उंचीचे आहेत. आतली लाकडी वेदी पाहिल्याशिवाय मात्र पुढे जाऊ नये. फाइट श्टॉस या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षे खपून ती घडवली. नाझींनी ती उचलून जर्मनीत नेली होती; १९४६ मध्ये ती पोलंडला परत मिळाली.

याच चर्चच्या उंच मनोऱ्यातून दर तासाला तुतारीची धून चारही दिशांना वाजवली जाते आणि प्रत्येक वेळी मध्येच तुटते. मंगोल चालून आले तेव्हा लोकांना सावध करणाऱ्या तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण लागला, म्हणून धून तेथेच थांबते, असे सांगतात. या कथेला जुना लेखी आधार नाही, ती विसाव्या शतकातच प्रसिद्ध झाली. तरीही धून मध्येच थांबली की चौकातली माणसे क्षणभर वर पाहतात.

वावेलची टेकडी

चौकाच्या दक्षिणेला वावेल टेकडीवर राजवाडा आणि कॅथीड्रल आहे. पोलंडचे राजे येथे अभिषिक्त झाले आणि बहुतेकांच्या समाध्याही येथेच आहेत. कॅथीड्रलमधली १५२० साली ओतलेली झिग्मुंट घंटा वाजवायला बारा माणसे लागतात. राजवाड्यातले विणकामाचे मौल्यवान पडदे महायुद्धात लपवून थेट कॅनडाला पोहोचवले गेले. ते सारे परत यायला १९६१ साल उजाडले. टेकडीच्या पायथ्याशी मुलांसाठी खास आकर्षण आहे. दंतकथेतल्या राक्षसी सर्पाचा धातूचा पुतळा येथे उभा आहे आणि तो मधूनमधून तोंडातून खरी आग फेकतो.

शहरातले विद्यापीठ १३६४ सालचे. कोपर्निकस येथेच शिकला. नोव्हेंबर १९३९ मध्ये जर्मनांनी व्याख्यानाच्या निमित्ताने इथल्या प्राध्यापकांना बोलावले आणि १८० हून अधिक जणांना अटक करून छळछावणीत पाठवले.

रिकाम्या खुर्च्या

काझिमिएझ हा भाग शतकानुशतके ज्यूंचा. युद्धापूर्वी शहराच्या लोकसंख्येत सुमारे एकचतुर्थांश ज्यू होते. इथली सिनेगॉग आणि जुनी दफनभूमी अजून आहे, पण ती माणसे राहिली नाहीत. १९४१ मध्ये जर्मनांनी ज्यूंना नदीपलीकडच्या पोडगुझे भागात कोंडले आणि मार्च १९४३ मध्ये ती वस्तीही संपवली. जेथून त्यांना मृत्युछावण्यांकडे नेले जाई, त्या चौकात आज धातूच्या रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या आहेत. सामानसुमानासह घराबाहेर काढलेल्या माणसांची ती आठवण आहे. जवळच शिंडलरचा कारखाना आहे. तेथे २०१० पासून युद्धकाळाचे संग्रहालय आहे.

आउशविट्झची छावणी शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. लहान मुलांना तेथे नेऊ नये. त्यांच्यासाठी जवळची व्हिएलिच्का येथील मिठाची खाण उत्तम. जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोल मिठात कोरलेले प्रार्थनामंदिर आहे. त्यातली झुंबरेसुद्धा मिठाच्या स्फटिकांची आहेत.

जाण्यापूर्वी

मे ते सप्टेंबर हा काळ सोयीचा. हिवाळ्यात कडाक्याची थंडी असते. शेंगेन व्हिसा चालतो, मात्र चलन युरो नसून झ्लोटी आहे. शाकाहारी मंडळींनी बटाटा व चीजचे सारण भरलेले पिएरोगी मागावेत. हा प्रकार आपल्या उकडलेल्या करंजीसारखा दिसतो. रस्त्यावरच्या गाड्यांवर तीळ किंवा खसखस लावलेली पावाची कडी मिळतात. मुलांना ती आवडतील.

सारे पाहायला तीन दिवस पुरतात. त्यातली एक सकाळ मात्र काझिमिएझ आणि त्या खुर्च्यांसाठी राखून ठेवावी. क्राकोवच्या वास्तू वाचल्या, पण त्यांत वावरणारी हजारो माणसे वाचली नाहीत, हे तेथे गेल्यावरच नीट कळते.