वासे फिरलेलं घर

‘घर फिरलं की घराचे वासेही फिरतात’ असं आपण म्हणतो, ते वाईट दिवसांबद्दल. पण वेल्समध्ये, पेम्ब्रुकशायरमधल्या न्यूपोर्ट गावाजवळ, मुळातच वासे फिरवून बसवलेलं एक घर उभं राहिलं.

टोनी रेंच आणि त्यांच्या जोडीदार जेन फेथ यांनी ते १९९७ साली बांधलं. घर गोल. भिंती ओंडक्यांच्या नि मातीच्या, खिडक्यांना जुन्या काचा, छपरावर चक्क हिरवळ! खर्च सुमारे ३,००० पौंड. आणि मधोमध खांब नाही, वर आढंही नाही. मग छप्पर राहतं कशावर? वासे एकमेकांवर टेकतात त्यावर.

बाहेरच्या बाजूला खांबांचं गोल कडं असतं. प्रत्येक वाशाचं खालचं टोक कड्यावर, वरचं शेजारच्या वाशावर. पहिल्याला अजून शेजारी नसतो, म्हणून त्याला बेचक्याचा तात्पुरता टेकू देतात. मग एकावर एक वासे टेकवत गोल यायचं आणि शेवटचा वासा पहिल्याच्या खाली सरकवायचा. टेकू काढला की सगळे वासे जरासे खाली बसतात आणि एकमेकांना घट्ट धरतात. मधोमध उरतो उजेडाचा झरोका. तीन पेले आणि एकमेकींत गुंफलेल्या तीन लाकडी फूटपट्ट्या घेऊन ही गंमत मुलांना घरीच दाखवता येईल.

हे घर बांधलं होतं मात्र परवानगीशिवाय, तेही राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत. १९९८ साली ते विमानातून दिसलं आणि ‘पाडून टाका’ म्हणून तगादा लागला. दोघं चिकाटीनं झगडली. २००८ साली अखेर परवानगी मिळाली.

बाई म्हणजे घराचा खांब, असं आपलं कौतुक होतं. ऐकायला बरं वाटतं, पण खांबाला कधी बसता येत नाही! या छपरात प्रत्येक वासा शेजाऱ्याचा भार घेतो आणि आपला पुढच्याला देतो. धोकाही त्यातच आहे. एक वासा मोडला, तर सगळं छप्पर खाली येऊ शकतं. म्हणून एकेक वासा पारखून घ्यावा लागतो.

मैत्रिणींनो, मधला टेकू आपल्या घरातूनही काढता येईल. फक्त त्याआधी शेवटचा वासा, मग तो धाकटा मुलगा असो की घरधनी, जागेवर बसलाय ना, तेवढं पाहून घ्या.