लंकेची नगरे आणि जातीचा रकाना

लंका म्हटले की आपल्याकडच्या माणसाला आधी रावण आठवतो आणि सोन्याची जळणारी नगरी आठवते. लहानपणापासून आपल्या कानावर तेवढेच पडले. ज्या बेटावर सम्राट अशोकाचा मुलगा आणि मुलगी धम्म घेऊन गेले, जिथे तोंडपाठ चालत आलेले त्रिपिटक प्रथम लिहून काढले गेले असे बौद्ध परंपरा सांगते, ती लंका आपल्याला कोणी दाखवली नाही. म्हणून ती आपणच जाऊन पाहावी, असे आमच्या विहारातील मंडळींनी ठरवले. तीन वर्षे भिशी लावली आणि सोळा जण निघालो. मी कारकून माणूस, नऊ दिवसांची अर्जित रजा कशीबशी मंजूर झाली. बी.कॉम. झालेला म्हणून सहलीचा जमाखर्च माझ्याच गळ्यात पडला. पत्नी आणि मोठी मुलगी बरोबर होत्या.

पहिले नगर अनुराधपूर. हजार वर्षांहून अधिक काळ ही लंकेची राजधानी होती. इथला बोधिवृक्ष म्हणजे बुद्धगयेच्या मूळ वृक्षाची फांदी. संघमित्रा थेरीने ती इ.स.पू. तिसऱ्या शतकात इथे आणली. माणसाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ ठाऊक असलेल्या झाडांत हे जगातले सर्वांत जुने झाड मानतात. वृक्षाभोवती कठडे आहेत, फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले आहेत. पांढऱ्या साडीतल्या म्हाताऱ्या बायका वाळूवर बसून वंदना म्हणत होत्या. त्यांची चाल वेगळी होती, पण त्रिशरण तेच. आमच्या उपासिका त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांच्या सुरात सूर मिसळून गेल्या. भाषा कळत नव्हती, तरी कोणाला काही विचारावे लागले नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष याच झाडाचा वंशज आहे. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्याची रोपे इथून नेली होती.

अनुराधपूरचे दुसरे आश्चर्य म्हणजे स्तूप. राजा दुट्ठगामणीचा रुवनवेलीसाय पांढरा शुभ्र आहे, तर महासेन राजाने इ.स.च्या तिसऱ्या शतकात सुरू केलेला जेतवनाराम विटांच्या उघड्या रंगाचा. तो मुळात सुमारे १२२ मीटर उंच होता. त्या काळी इजिप्तचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर एवढी उंच वास्तू जगात नव्हती. नऊ कोटींहून अधिक विटा त्याला लागल्या असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. माझ्या हिशेबी डोक्यात लगेच प्रश्न आला, एवढ्या विटा भाजल्या कोणी आणि वाहिल्या कोणी? राजाचे नाव राहिले, वीटभट्टीवाल्याचे राहिले नाही. हा प्रश्न पुढे प्रत्येक नगरात माझ्याबरोबर होता.

जवळच मिहिंतले. इथल्या डोंगरावर महेंद्र थेर आणि राजा देवानंपिय तिस्स यांची भेट झाली, असे मानतात. मला तिथे जास्त भावले ते पायथ्याशी असलेल्या नवव्या शतकातील रुग्णालयाचे अवशेष. रोग्यांच्या खोल्यांची जोती दिसतात आणि माणसाच्या आकाराची कोरलेली दगडी डोणी दिसते. तिच्यात रोग्याला औषधी तेलात किंवा काढ्यात झोपवीत. भिक्षूंचा संघ ध्यानाइतकाच औषधालाही महत्त्व देत होता, हे त्या दगडात लिहिलेले आहे.

चोळांनी अनुराधपूर जिंकले आणि राजधानी पोलोन्नरुवाला नेली. १०७० साली विजयबाहूने त्यांना घालवले. पुढे बाराव्या शतकात पराक्रमबाहूने हे नगर भरभराटीला आणले. आभाळातून पडलेला पाण्याचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याखेरीज समुद्राला मिळू नये, असा त्याचा बाणा होता. त्याने बांधलेल्या पराक्रम समुद्र या तलावाचा बांध सुमारे १४ किलोमीटरचा आहे आणि त्या पाण्यावर आजही भात पिकतो. मराठवाड्यात टँकरची वाट पाहणारे आमच्यातले दोघे त्या बांधावर बराच वेळ उभे राहिले. गल विहार इथेच आहे. ग्रॅनाइटच्या एकाच खडकात चार मूर्ती कोरल्या आहेत. त्यांपैकी महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे १४ मीटर लांब आहे. तथागतांच्या डोक्याखालची दगडी उशी दबल्यासारखी दिसते, इतके ते कोरीवकाम हळुवार आहे.

सिगिरियाचा खडक पाचव्या शतकातील कश्यप राजाचा. लोक चित्रे पाहायला जातात. मी मात्र तिथल्या आरशासारख्या गुळगुळीत भिंतीपाशी रेंगाळलो. हजारएक वर्षांपूर्वी आलेल्या पाहुण्यांनी त्या भिंतीवर कविता खरडून ठेवल्या आहेत. सेनरत परणवितान यांनी त्यांतल्या ६८५ वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. त्यांत भिक्षू आहेत, स्त्रियाही आहेत. इतक्या जुन्या काळी साधी माणसे, त्यातही बायका, लिहीत होत्या याचे आम्हाला फार अप्रूप वाटले.

मग कँडी. डोंगरांच्या कुशीतले, तळ्याकाठचे देखणे शहर. इंग्रजांच्या हाती गेलेली ही शेवटची राजधानी, १८१५ साली गेली. दंतधातूचे विहार इथे आहे. १९९८ साली तिथे वाघांनी बॉम्बस्फोट केला, माणसे मेली. नंतर ते पुन्हा उभे केले. आपल्या दृष्टीने कँडीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. जागतिक बौद्ध बंधुत्व संघाची पहिली परिषद १९५० साली इथेच भरली आणि भारताचे कायदेमंत्री असलेले बाबासाहेब तिला गेले होते. बौद्धांचे विधी प्रत्यक्ष पाहावेत आणि बुद्धाचा धम्म त्या देशात कितपत जिवंत आहे ते तपासावे, हा त्यांचा हेतू होता. बाबासाहेब हात जोडण्यापूर्वी डोळे उघडून पाहत, हे आपण नेहमी लक्षात ठेवले पाहिजे.

तो रविवार होता. मुलीने हॉटेलातले इंग्रजी वर्तमानपत्र माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "पप्पा, हे वाचा." वधू-वरांच्या जाहिराती होत्या. गोवी बौद्ध, कराव बौद्ध, अशी वर्गवारी सरळ छापलेली होती. ती म्हणाली, "इथे तर सगळे दोन हजारांहून अधिक वर्षांपासून बौद्ध. मग ही काय भानगड?"

भानगड जुनी आहे. अठराव्या शतकात लंकेतील उपसंपदेची परंपरा तुटली होती. वेलिविट सरणंकर यांच्या प्रयत्नाने १७५३ साली सयामहून उपाली थेर आले आणि कँडीत सियाम निकाय स्थापन झाला. पण थोड्याच वर्षांत उपसंपदा फक्त गोयिगम या वरच्या शेतकरी जातीलाच द्यायची असे ठरले. ज्या संघात नीतीची न्हावी उपाली विनयधरांत श्रेष्ठ ठरला, सुणीत भंग्याला तथागतांनी स्वतः जवळ घेतले, त्याच संघाच्या दारात जात उभी राहिली. आणि तो नियम सियाम निकायात आजही गेलेला नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. तिचा पुढचा भाग आम्हाला समुद्रकाठी भेटला. कोलंबोहून गॉलकडे जाताना बलपिटिया लागते. दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीचा हा मुलूख. डचांनी त्यांच्याकडून सक्तीने दालचिनी काढून घेतली आणि जगभर विकली. या जातीचे वेलितर ज्ञानविमलतिस्स १७९९ साली काही सोबत्यांना घेऊन जहाजाने ब्रह्मदेशात गेले. तिथे अमरपूर नगरात त्यांना उपसंपदा मिळाली. १८०३ साली ते परतले आणि बलपिटियाच्या मादू नदीत होड्यांवर मंच बांधून त्यांनी उपसंपदेचा पहिला विधी केला. पाण्यावरची सीमा विनयाला मान्य आहे. हाच अमरपूर निकाय. धम्म सोडायचा नाही आणि जातही मानायची नाही, असा मार्ग त्यांनी काढला. ती नदी पाहताना आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात महाडचे तळे आले असणार. पुढे या निकायातही जातीनुसार शाखा पडल्या, हेही सांगितले पाहिजे. जात एकदा हाकलली म्हणजे कायमची जात नाही, तिच्यावर पाळत ठेवावी लागते.

गॉल हे पोर्तुगीज, डच आणि इंग्रज या तिघांच्या हाताखालून गेलेले बंदर. डचांच्या भक्कम तटाच्या आत जुनी घरे, चर्च, मशीद, बौद्ध विहार सगळे आहे. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत बाहेरचे गॉल उद्ध्वस्त झाले, पण तटाने आतले शहर बरेचसे वाचवले. याच गॉलमध्ये १९११ साली एक शिलालेख सापडला. चिनी दर्यावर्दी झेंग हे याने १४०९ साली कोरवून घेतलेला. चिनी भाषेत बुद्धाला, तमिळमध्ये विष्णूच्या अवताराला आणि फारसीत अल्लाला दान दिल्याची नोंद, तिन्ही एकाच दगडावर. आता तो कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आणि त्याच देशात १९८१ साली जाफनाचे ग्रंथालय जाळले गेले. सुमारे ९७ हजार ग्रंथ आणि हस्तलिखिते राख झाली. जाळणाऱ्या जमावात बौद्ध म्हणवणारे होते. १९८३ पासून २००९ पर्यंत यादवी चालली. ग्रंथालय २००३ साली पुन्हा उघडले. आम्हाला जाफनाला जायला रजा पुरली नाही, परंतु पुस्तकांसाठी राजगृह बांधणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायाने हा प्रसंग विसरू नये. त्या तमिळ बाजूलाही अस्पृश्यता होतीच. १९६८ साली माविट्टपुरमच्या मंदिर प्रवेशासाठी तिथल्या दलितांना सत्याग्रह करावा लागला.

नुवर एलियाच्या डोंगरात चहाचे मळे फार सुंदर दिसतात. ते मळे उभे केले दक्षिण भारतातून नेलेल्या गरीब तमिळ मजुरांनी. त्यांत आपल्यासारख्याच अस्पृश्य जातींचे लोक फार होते. १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांचे नागरिकत्व गेले आणि हा प्रश्न सुटता सुटता २००३ साल उजाडले. त्यांच्या राहण्याच्या लाईनी गिरणगावातल्या चाळीसारख्या, फक्त अधिक बुटक्या. पाठीवर टोपली घेतलेल्या एका बाईला माझ्या पत्नीने खुणेने विचारले, "दिवसाला किती?" तिने बोटांनी काहीतरी सांगितले आणि हसली. विटा वाहणाऱ्याचा माझा प्रश्न मला तिथे दुसऱ्यांदा भेटला.

वाचक बंधू-भगिनींनो, लंका जरूर पाहा. भिशी लावा, चार कुटुंबे एकत्र जा, मुलांना न्या. आपला पूर्वज धम्म किती मोठी नगरे, तलाव आणि रुग्णालये उभारू शकला हे पाहून मान ताठ होते. पण बुद्धाचे नाव घेतले म्हणून जात आपोआप मरत नाही, हेही तिथे दिसते. तिला मारण्यासाठी बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या पाठ असणे वेगळे आणि घरात पाळणे वेगळे.

परत आल्यावर एका वधू-वर मेळाव्याचा फॉर्म घरी आला. धर्म या रकान्यापुढे बौद्ध छापलेले होते आणि त्याखाली रकाना होता, पोटजात. मुलीने पेन घेतले आणि त्या रकान्यावर आडवी रेघ मारली. नातेवाईक म्हणाले, अशाने स्थळे कमी येतील. कदाचित येतीलही. मी जमाखर्च लिहिणारा माणूस आहे, तोटा कशाला म्हणतात ते मला कळते. फॉर्म रेघेसह मी स्वतः नेऊन दिला. आपणही आपापल्या मेळाव्यांच्या आयोजकांना सांगा की पुढच्या वर्षी तो रकाना छापूच नका.