समुद्रावरची हाक

आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत रेडिओ हे केवळ ऐकण्याचे यंत्र आहे. त्याने बोलावे आणि आम्ही ऐकावे, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. बातम्या संपता संपता हवामानाचा अंदाज सांगितला जातो, आणि वादळवाऱ्याच्या दिवसांत त्याच्या शेवटी एक वाक्य हमखास येते : समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. हे वाक्य आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कानांवर पडूनही मनापर्यंत पोहोचत नाही. चहाचा पेला खाली ठेवून 'जे आधीच गेले आहेत त्यांनी काय करावे?' असा प्रश्न आमच्यापैकी किती जणांनी स्वतःला विचारला असेल? ज्याची होडी किनाऱ्यापासून साठ मैलांवर आहे आणि जाळे पाण्यात आहे, त्याला ह्या उपदेशाचा काय उपयोग? त्याला असे यंत्र हवे की ज्यातून त्याला ऐकूही येईल आणि बोलताही येईल. आणि त्याच्या बोलण्याला कोणी तरी 'ओ' देईल. ह्या 'ओ' देण्याविषयीच चार शब्द लिहावे असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते.

प्रथम ह्या यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. मासेमारी होड्यांवर सामान्यतः असते ते व्हीएचएफ जातीचे बिनतारी यंत्र. आमचे कोळी बांधव त्याला सरळ 'वायरलेस' म्हणतात. त्याच्या लहरी दिव्याच्या उजेडासारख्या सरळ जातात. पृथ्वीच्या गोलाईवरून त्या फारशा वळत नाहीत. म्हणून हातात धरण्याच्या लहान यंत्राचा आवाज एका होडीवरून दुसरीवर चारपाच सागरी मैल पोहोचला तरी पुष्कळ. डोलकाठीच्या टोकाशी अँटेना बसविली आणि यंत्र २५ वॅटचे असले, तर ही मजल पंधरावीस मैलांपर्यंत जाते; किनाऱ्यावरचा मनोरा उंच असेल तर आणखी काही मैल पुढे. साऱ्या जगाने ह्या यंत्रावरील सोळावी वाहिनी संकटाच्या हाकेसाठी राखून ठेवली आहे. संकटात सापडलेल्याने 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारावा, आपल्या नौकेचे नाव सांगावे, आपण कोठे आहोत आणि काय झाले आहे ते सांगावे, आणि उत्तराची वाट पाहावी, असा संकेत आहे. ह्या सर्व विधींत शेवटची क्रिया, म्हणजे वाट पाहणे, ही सर्वांत कठीण. कारण ती बोलणाऱ्याच्या स्वाधीन नसून ऐकणाऱ्याच्या स्वाधीन आहे.

बिनतारी यंत्राचा इतिहास पाहिला म्हणजे हीच गोष्ट ठळकपणे नजरेस येते. १९१२ सालच्या एप्रिल महिन्यात 'टायटॅनिक' बुडाली, तेव्हा तिच्यावर त्या काळातील उत्तम यंत्र होते आणि ते चालविणारी दोन माणसे होती. 'कॅलिफोर्नियन' नावाची दुसरी आगबोट तेथून फार दूर नव्हती, आणि तिच्यावरही यंत्र होते. परंतु तिच्यावर यंत्र चालविणारा माणूस एकच. दिवसभराचे काम संपवून तो रात्री साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून झोपी गेला, आणि त्यानंतर थोड्याच मिनिटांत टायटॅनिक हिमनगावर आदळली. 'कार्पेथिया' ही तिसरी आगबोट कितीतरी अधिक अंतरावर होती. पण तिच्यावरचा माणूस झोपण्याच्या तयारीत असूनही अजून यंत्रापाशी होता. सातशेंहून अधिक जीव वाचले ते त्यामुळे. पुढे १९१४ साली राष्ट्रांनी एकत्र बसून समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला करार केला, त्यात मोठ्या प्रवासी जहाजांवर अहोरात्र ऐकण्याची पाळी ठेवण्याचे तत्त्व मान्य झाले.

ह्याच काळाच्या ओघात एक मोठी सुंदर प्रथा रूढ झाली. जहाजावरील बिनतारी खोलीत जे घड्याळ असे, त्याच्या तबकडीवर तीन तीन मिनिटांचे लाल आणि हिरवे पट्टे रंगविलेले असत. काटा त्या पट्ट्यात शिरला की त्या त्या वाहिनीवर सर्वांनी बोलणे थांबवावयाचे आणि केवळ कान देऊन ऐकावयाचे. न जाणो, कोणाची क्षीण हाक गोंगाटात बुडून जात असेल! भर समुद्रात शेकडो जहाजे दर तासाला ठरावीक मिनिटे मौन पाळीत आहेत, हे चित्र आम्हांस एखाद्या सामुदायिक प्रार्थनेसारखे वाटते. १९९९ सालच्या फेब्रुवारीपासून उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रे ह्यांवर आधारलेली नवी पद्धत सर्वत्र लागू झाली आणि हे मौन इतिहासजमा झाले. आता यंत्रच यंत्राची हाक ऐकते. हे सोयीचे खरे. पण यंत्राने ऐकलेली हाक शेवटी माणसाच्या कानांपर्यंत गेलीच पाहिजे, ही अट काही सुटलेली नाही.

महाराष्ट्राला ह्या विषयाचा धडा फार कडू रीतीने मिळालेला आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसकडे निघाली आणि वाटेत वादळात सापडून उलटली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. मुंबई शहर तेथून हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. पण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे शहराला कित्येक तास ह्या अनर्थाचा पत्ताही लागला नाही. त्या दिवशी ज्यांना बुडणारे दिसले आणि ज्यांनी धाव घेतली ते रेवसच्या बाजूचे कोळी होते. त्यांनी आपल्या होड्यांतील मासळी समुद्रात टाकून दिली आणि तिच्या जागी माणसे घेतली. यंत्र नव्हते तेथे डोळे आणि अंतःकरण उपयोगी पडले. ज्या जमातीने अशा रीतीने परक्यांची हाक ऐकली, तिच्या हाकेची व्यवस्था आपण काय केली आहे, हा प्रश्न त्यामुळे आम्हांस अधिकच बोचतो.

कारण नियमांची गोष्ट मोठी विलक्षण आहे. जहाजांच्या सुरक्षिततेचा जो मुख्य आंतरराष्ट्रीय करार १९७४ साली झाला, त्याच्या बहुतेक कलमांतून मासेमारी नौका वगळलेल्या आहेत. त्यांच्यासाठी म्हणून १९७७ साली टोरेमोलिनोस येथे वेगळा करार झाला, तोही २४ मीटर व त्याहून लांब नौकांपुरता. आणि पुरेशा राष्ट्रांनी मान्यता न दिल्यामुळे तो कधीच अंमलात आला नाही. १९९३ साली त्याची दुरुस्ती झाली, २०१२ साली केप टाऊन येथे पुन्हा नवा करार घडला. इतकी वर्षे कागद फिरत राहिला. आणि आमच्या किनाऱ्यावरील बहुतेक होड्या तर त्या २४ मीटरांच्या मापाला पोहोचतही नाहीत. म्हणजे जो सर्वांत लहान लाकडावर बसून सर्वांत अधिक धोका पत्करतो, त्याच्यापर्यंत जगाचा कायदा सर्वांत शेवटी येतो.

काही दिवसांपूर्वी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यात जाण्याचा योग आम्हांस आला. पावसाळी बंदीचे ६१ दिवस चालू होते. होड्या वर ओढून ठेवलेल्या, माणसे जाळी विणीत बसलेली. साठी ओलांडलेल्या एका तांडेलाने आम्हांस आपली होडी दाखविली. केबिनमध्ये बिनतारी यंत्र होते; खाऱ्या हवेपासून वाचावे म्हणून त्याने ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले होते. अँटेनेच्या तारेचा सांधा हिरवा पडला होता. तो दाखवून तांडेल म्हणाला, "साहेब, इंजिनाला तेल लागतं तसं ह्याला लक्ष लागतं. एकदा खारं पाणी सांध्यात शिरलं की दिवा पेटतो, आवाज येतो, पण आपलं बोलणं बाहेर जात नाही. आणि ते आपल्याला कळतही नाही."

आम्ही त्यांस विचारले, "तांडेल, मग कधी संकटात ह्याचा उपयोग झाला का?" तेव्हा त्याने एका रात्रीची हकीकत सांगितली. इंजिन बंद पडले होते, वारा वाढत होता, आणि होडीवर सात माणसे होती. त्याने हाक मारली. "पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्या हाकेला काही नाही. किनाऱ्यावर कोणी बसलं होतं की नव्हतं, ते आम्हाला कसं कळणार? तिसऱ्यांदा शेजारच्या गावची होडी बोलली. 'आलो रे' म्हणाली. एवढंच. त्यांना यायला दोन तास लागले, पण त्या दोन शब्दांनंतर पोरं घाबरली नाहीत." हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकणे आम्हांस अधिक जड गेले. 'आलो रे' ह्या दोन शब्दांचा पल्ला त्या रात्री पाचसात मैलांचाच होता. त्याच्या पलीकडे असलेल्या साऱ्या व्यवस्थेने मौन पाळले होते.

यंत्रे वाटणारे आणि यंत्रे वापरणारे ह्यांच्या मनांतील हेतू पुष्कळदा वेगळे असतात, हेही त्या बैठकीत ध्यानात आले. २००८ सालच्या नोव्हेंबरमध्ये 'कुबेर' नावाची मासेमारी नौका बळकावून दहशतवादी मुंबईत आले. त्यानंतर सरकारने होड्यांची नोंदणी, मच्छीमारांची ओळखपत्रे, आणि २० मीटरांहून लांब नौकांवर त्यांचे ठिकाण आपोआप कळविणारी यंत्रे ह्यांवर भर दिला. ते अगत्याचे होते ह्यात संशय नाही. परंतु होडी कोठे आहे हे सरकारला कळणे आणि होडीवाल्याची हाक सरकारने ऐकणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत तो संशयित असतो, दुसरीत नागरिक. मासळी कोठे लागते हे ज्याचे वडिलोपार्जित धन, तो आपला ठावठिकाणा सांगणाऱ्या यंत्राकडे थोडा साशंक नजरेने पाहतो. ते यंत्र आपला जीव वाचविण्यासाठी आहे अशी त्याची खात्री पटली, तरच तो ते चालू ठेवील.

ह्या दोन्ही उणिवांचा पुरावा २०१७ सालच्या 'ओखी' वादळाने दिला. नोव्हेंबरच्या अखेरीस ते केरळ आणि तमिळनाडूच्या दक्षिण टोकापाशी फार थोड्या अवधीत बळावले. अनेक होड्या त्यापूर्वीच कित्येक दिवसांच्या मासेमारीसाठी खोल समुद्रात गेल्या होत्या. किनाऱ्यावर इशारे सुटले. पण वीस मैल जाणारा आवाज शंभर मैलांवरच्या माणसाला काय सांगणार? मेलेले आणि बेपत्ता झालेले मिळून तीनशेंहून अधिक माणसांची हानी झाली. त्या दिवसांत वाऱ्याने उत्तरेकडे लोटलेल्या ६८ होड्या आणि त्यांवरील ९५२ माणसे आमच्या देवगड बंदरात सुखरूप पोहोचली. बंदरात उतरेपर्यंत ती माणसे त्यांच्या घरच्यांच्या लेखी कोठे होती, ह्याची कल्पनाच केलेली बरी. यंत्राच्या अभावाचे दुःख होडीपुरते नसते. ते किनाऱ्यावरच्या प्रत्येक चुलीपर्यंत जाते.

समाधानाची गोष्ट ही की, ह्या दिशेने काम झालेले आहे. इस्रोने घडविलेले संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आले. त्याची कळ दाबली की संदेश उपग्रहामार्गे नियंत्रण केंद्राकडे व तेथून तटरक्षक दलाकडे जातो. वीस हजारांहून अधिक यंत्रे मच्छीमारांच्या हाती गेली. मात्र ह्या पहिल्या यंत्रात एक मोठी उणीव होती. कळ दाबणाऱ्याला आपली हाक पोहोचली की नाही हे कळण्याचा मार्ग नव्हता. तिची भरपाई २०२४ सालच्या जानेवारीत आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्राने केली : आता 'तुमचा संदेश मिळाला' अशी पोच होडीवर परत येते. इतक्या यंत्रविद्येनंतर अखेर तांडेलाच्या त्या 'आलो रे'पर्यंतच विज्ञान येऊन पोहोचले, हे पाहून आम्हांस मोठे नवल वाटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालघर येथे देशभरातील एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला.

तरीही एक लाख यंत्रे बसविणे म्हणजे एक लाख होड्या सुरक्षित करणे नव्हे. प्रत्येक फेरीपूर्वी यंत्र तपासून पाहणे, विजेरीचा साठा भरलेला असणे, होडी बदलली वा विकली तर नोंदीत ती दुरुस्ती होणे, सर्व खलाशांना संकटाची हाक कशी द्यावी हे ठाऊक असणे, अंगात जीवरक्षक जाकीट असणे. ही सारी कामे होडीकडची. आणि किनाऱ्याकडचे काम एकच, पण ते चोवीस तासांचे : यंत्रापाशी जागे माणूस असणे, त्याला मच्छीमाराची भाषा समजणे, आणि हाक ऐकल्यावर जलद नौका सोडण्याचा त्याला अधिकार असणे. मालवणी, आगरी, कोळी, गुजराती बोलणारा खलाशी काळोखात घाबरून ओरडेल, तेव्हा तो पुस्तकी शब्द वापरणार नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहेच. पण दूरध्वनीचा मनोरा दृष्टीआड झाला की तो क्रमांकही मागे किनाऱ्यावरच राहतो.

आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांचा समुद्राशी प्रत्यक्ष संबंध असेल. परंतु बाजारात पापलेटाचा भाव करताना, किंवा शुक्रवारी बांगडा घरी आणताना, त्याच्यामागे कोणी तरी रात्रीची हाक मारली असेल काय, एवढा विचार मनात यावयास हरकत नाही. आपल्या प्रतिनिधींना आपण रस्त्यांचा हिशेब विचारतो, शाळांचा विचारतो. तसेच एकदा विचारावे : आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आज रात्री दोन वाजता सोळाव्या वाहिनीवर कोण बसले आहे? उत्तर मिळाले तर उत्तम. न मिळाले तर ज्या तऱ्हेचे मौन मिळेल, त्याच तऱ्हेचे मौन त्या तांडेलाने पहिल्या दोन हाकांना ऐकले होते, हे तरी आपल्याला समजेल. आणि मग तिसऱ्यांदा विचारण्याचे कर्तव्य आपलेच राहील.