फक्त वाचायचंय, दादा!

गेल्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा आणि आमच्या साइटवर पेमेंटचं पान उघडेना. ते पान माझं, त्यामुळे फोन मलाच. उत्तर होतं सर्व्हरवरच्या लॉगमध्ये. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशीच म्हणा ना! कोण आलं, काय मागितलं, कुठे ठेच लागली, सगळं तारीख-वेळेसकट. मला शेवटच्या पन्नास ओळी हव्या होत्या, बस्स. पण फाइल उघडायला गेले तर 'परमिशन डिनाइड'. किल्ली आमच्या अ‍ॅडमिनकडे. ऑफिसात सगळे त्याला दादा म्हणतात. आणि दादा कोकणात, गावी, जिथे घरामागचा चढ चढून गेलं की मोबाइलला एक काडी रेंज येते.

पाऊण तासाने तो चढावर पोहोचला. एका हातात छत्री, मांडीवर लॅपटॉप, आणि फोनवर मला एकेक ओळ वाचून दाखवतोय! तिसऱ्याच ओळीत माझी चूक सापडली. पाच मिनिटांचं काम, पण दोघांची रात्र गेली.

तो परत आल्या आल्या मी पिच्छा पुरवला. "दादा, लॉग दे ना. फक्त वाचायला."

"आज लॉग, उद्या म्हणशील सर्व्हरच दे."

तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच. मला वाटलं, खडूसपणा, दुसरं काय! म्हटलं, मग 'सुडो' लावून 'लेस' तरी चालवू दे. लेस हा फाइल वाचायचा साधा प्रोग्रॅम. दादा हसला. लेसमध्ये एक उद्गारचिन्ह टाइप केलं की आतूनच दुसऱ्या कमांड चालवता येतात, आणि सुडोने उघडलं असेल तर थेट रूटच्या अधिकाराने. "ओसरीवर बसायला सांगितलं नि तिजोरी उघडी ठेवली, असं होईल ते!" हे मला खरंच माहीत नव्हतं.

डेबियन-उबुंटूमध्ये याच कामासाठी 'एडीएम' नावाचा ग्रुप आधीपासून असतो. त्यातल्या माणसाला बरेचसे लॉग नुसते वाचता येतात. पण मला सगळ्या मशीनचे लॉग कशाला हवेत? म्हणून दादाने आमच्या अ‍ॅप्लिकेशनपुरता वेगळा ग्रुप केला आणि फाइलवर 640 लावलं. मालकाने लिहावं, ग्रुपने वाचावं, बाकीच्यांनी लांब राहावं. मी खूश! दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा 'परमिशन डिनाइड'. तणतणत त्याच्या टेबलाशी गेले. रात्रीत लॉगरोटेटने जुनी फाइल बाजूला सारून नवी बनवली होती, पहिल्याच अधिकारांची. त्याच्या सेटिंगमधली ओळ बदलली, तेव्हा कुठे जमलं.

मग मी रोज सकाळी चहाबरोबर लॉग वाचायला लागले. चौथ्या दिवशी चहा तसाच राहिला. लॉगमध्ये ग्राहकांचे पासवर्ड होते. उघडे, जसे टाइप केले तसे. कुणाचा 'साईराम' आणि पुढे चार आकडे, कुणाचा आपलाच मोबाइल नंबर. लॉगिनचं पान दुरुस्त करताना मी टाकलेली डीबगची एक ओळ काढायची राहिली होती. महिनाभर!

गप्प राहून ओळ काढून टाकावी, असं मनात आलं. आलंच. दहा मिनिटं नुसती स्क्रीनकडे बघत बसले. मग दादाला बोलावलं.

तो ओरडला नाही. "एवढ्या ओळी मी कधी वाचणार होतो?" एवढंच म्हणाला. जुने लॉग पुसले, बॅकअपमधलेही पुसले, सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले. मॅनेजरसमोर मी मान खाली घालून उभी होते तेव्हा त्याने मे 2018 मधल्या ट्विटरचा दाखला दिला. तिथेही पासवर्ड आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले गेले होते, आणि कंपनीने 33 कोटी लोकांना ते बदलायचा सल्ला दिला होता. मॅनेजरवर फारसा परिणाम झाला नाही, पण मला बरं वाटलं.

यंदाही गणपतीत दादा गावीच होता. रात्री साइट अडकली. मी लॉग उघडला. डिस्क भरली होती. पुसायचा अधिकार माझ्याकडे नाही आणि मी मागितलेलाही नाही. फोन लावला. मागे झांजा वाजत होत्या.

"दादा, डिस्क भरलीय."

"बरं. आरती झाली की चढावर जातो."

फोन अर्ध्या मिनिटात संपला.