टर्मिनलची सुरुवातीची डिरेक्टरी

लिनक्सवर टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे जुन्या टर्मिनल यंत्राचे काम पडद्यावरील खिडकीत करणारा प्रोग्राम, होम डिरेक्टरीऐवजी भलत्याच जागी उघडू लागला की दोष त्याच्याच माथी मारला जातो. परंतु या वर्तनामागे वारशाचा एक स्वच्छ नियम आहे. प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, स्वतःची चालू डिरेक्टरी असते. ती जन्मतः पालक प्रोसेसकडून मिळते आणि पुढे ती प्रोसेस स्वतःच ती बदलू शकते.

या नियमातूनच तपासाचा क्रम ठरतो. टर्मिनल ज्या शॉर्टकटने सुरू झाला त्याच्या डेस्कटॉप फाइलमधील ‘पाथ’ ही नोंद आधी पाहावी, मग कॉन्सोलसारख्या टर्मिनलच्या प्रोफाइलमधील सुरुवातीच्या डिरेक्टरीची सेटिंग, आणि शेवटी बॅश या शेलची, म्हणजे आज्ञा वाचून अमलात आणणाऱ्या प्रोग्रामची, ‘डॉट बॅशआरसी’ ही फाइल. तिथे राहून गेलेली एखादी ‘सीडी’ ही डिरेक्टरी बदलणारी आज्ञा सर्वांत फसवी असते, कारण ती सर्वांत शेवटी चालते आणि आधीच्या दोन्ही नोंदी निष्प्रभ करते.

नव्या टॅबचे प्रकरण वेगळे आहे: जीनोम टर्मिनलमध्ये शेल प्रत्येक प्रॉम्प्टपूर्वी, म्हणजे नव्या आज्ञेची वाट पाहणारी ओळ दाखवण्याआधी, ‘ओएससी 7’ हा अदृश्य संकेत पाठवून आपली डिरेक्टरी कळवतो, आणि तो पाठवणारी स्क्रिप्ट वाचली गेली नसेल तर नवा टॅब अपेक्षित जागी उघडत नाही.

अशा क्षुल्लक वाटणाऱ्या बिघाडाचे मोल मोठे आहे, कारण सेटिंग अंदाजाने बदलत राहण्यापेक्षा कोणती डिरेक्टरी कोणी ठरवली हे विचारण्याची सवय संपूर्ण प्रणाली समजून घ्यायला शिकवते.