फळांच्या काड्या, आईच्या माहेरी

नागपूरच्या जुन्या वस्त्यांना वारांची नावे आहेत. बुधवारी, शनिवारी, मंगळवारी, आणि त्या साऱ्यांत व्यापाराने अधिक गजबजलेली इतवारी. येथे गल्लीला ओळ म्हणण्याची रीत आहे. किराणा ओळ, चितार ओळ ही नावेच त्या त्या धंद्याची पाटी होत. माझ्या आईचे माहेर याच इतवारीतले. गेल्या फेब्रुवारीत तिथे थोरल्या मामांचे सहस्रचंद्रदर्शन होते. पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांनी येते, त्यामुळे हजार पौर्णिमा पाहायच्या तर माणसाला एक्क्याऐंशीवे वर्ष गाठावे लागते. मामांनी ते गाठले होते. प्रश्न आईच्या येण्याचा होता.

आई शहात्तर वर्षांची. तिला मधुमेह आहे, रक्तदाब आहे आणि वरची कवळी आहे. आदल्या वर्षी एका लग्नात बोलता बोलता अख्खे द्राक्ष तिच्या घशात अडकले. ते निघाले, पण भीती राहिली. डॉक्टरांनी तपासून गिळण्यात दोष नसल्याचे सांगितले. ताठ बसून, लहान घास घेऊन, तोंडात घास असताना न बोलता खावे, एवढेच पथ्य त्यांनी दिले. तरी तेव्हापासून ती समारंभाला जाण्याआधी घरीच जेवून घेई आणि तिथे रिकाम्या हाताने बसून राही. मधुमेहामुळे मिठाईची ताटली तिच्यापुढून आधीच परत जात होती, आता उरलेलीही जाऊ लागली. ‘‘दादाच्या घरी मी उपाशी बसू का?’’ असे ती म्हणाली, तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

मामेबहिणीच्या मुलींनी संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी फळे आणि चीज काडीवर ओवून ठेवण्याचा बेत केला होता. मी त्यात एकच बदल सुचवला: चीजऐवजी पनीर. विकतच्या प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये मीठ बरेच असते, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यायला सांगते. साधे पनीर या बाबतीत निरुपद्रवी.

आम्ही शंकरनगरहून मेट्रोने निघालो आणि थेट चितार ओळ चौकात उतरलो. उद्वाहन असल्यामुळे जिन्याची धास्ती नव्हती. ज्या गुडघ्यांना बाजाराची गर्दी सोसत नाही, त्यांनी सकाळी दहाच्या आत यावे. दुकाने नुकती उघडत असतात आणि हातगाड्यांची कोंडी व्हायची असते. आई माझा हात धरून चालत होती, पण रस्ता तीच दाखवत होती. एका माडीकडे बोट करून म्हणाली, ‘‘इथून आम्ही मारबत पाहायचो.’’ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या भागातून मिरवत निघते, आणि लोक तिला घरातली दुखणीखुपणी सोबत न्यायची विनंती करतात. इतवारी स्थानकावरून सुटणाऱ्या नागभीडच्या छोट्या गाडीची आठवणही निघाली. मामांनी त्या अरुंद रुळांवरून कित्येक वर्षे उमरेडला नोकरीसाठी ये-जा केली. रुंदीकरणासाठी ती गाडी २०१९ मध्ये बंद झाली.

फळवाल्याकडे मृग बहाराची संत्री आली होती. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण आईची परीक्षा त्याहून जुनी. ती फळ हातात तोलते. आकारापेक्षा जड वाटले तर रसाळ, फुगीर सालीचे हलके निघाले तर आत कोरडे. ‘‘मृगाचा माल आहे माय, गोडच निघते,’’ असे विक्रेता म्हणाला, तरी तिने एकेक निवडून बाराच घेतली. पिकलेली पपई, चिकू आणि द्राक्षेही घेतली. जांब, म्हणजे पुण्यामुंबईकडचा पेरू, तिने स्वतःच नाकारला. त्याच्या बिया कवळीखाली जातात. शिवाय वरची कवळी टाळू झाकत असल्यामुळे तोंडात बी किंवा कडक तुकडा राहिला, तरी तो नीटसा जाणवत नाही.

घरी आल्यावर पहिला प्रयोग फसला. आईने संत्र्याच्या फोडींवरचा पापुद्रा सोलून, बिया काढून त्या मोकळ्या केल्या. इतक्या सफाईने की मुली पाहत राहिल्या. पण अशी सोललेली फोड काडीवर राहीना, रस गळून ती दुभंगे. पापुद्रा ठेवावा तर तो कवळीला चावत नाही. शेवटी संत्रे वाटीत चमच्यासह ठेवायचे ठरले, आणि काडीवर पनीर, पपई, चिकू. तुकडे अंगठ्याच्या नखाएवढेच. द्राक्षे उभी चिरून चार भाग केले. ते काडीवर बसत नाहीत, म्हणून तेही वाटीत गेले. (लहान मुलांनाही अख्खे द्राक्ष देऊ नये, हे त्या दिवशी दोघा तरुण आयांना प्रथमच कळले.) वरून जिरेपूड, मिरपूड आणि पुदिना. मामींनी सैंधव पुढे केले, पण रक्तदाबाच्या दृष्टीने सैंधवही मीठच.

काड्यांची टोके मात्र मला खुपत होती. थरथरत्या हाताला आणि नातवंडांच्या डोळ्यांना ती सारखीच धोक्याची. मामांनी सुपारी सोडून सहा वर्षे झाली होती, अडकित्ता फडताळात पडून होता. तो त्यांनी मागवला, आणि उत्सवमूर्ती स्वतः खुर्चीत बसून ओवलेल्या प्रत्येक काडीचे टोक कातरू लागले. ‘‘बेबी, सुपारीपेक्षा हे बरे कातरते गं,’’ असे आईला म्हणाले.

ज्यांना मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियम मर्यादित ठेवायला सांगितले आहे, त्यांनी अशी फळे डॉक्टरांना विचारूनच खावीत. चकोतऱ्याच्या काड्या कोणी सुचवल्यास जपावे. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांशी ते फळ जुळत नाही. मधुमेह्यांनी रस न काढता फळ चावून खावे आणि तेही माफक. पनीर सोबत असले की साखर जरा सावकाश चढते. चिरलेली फळे आणि पनीर दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, म्हणून आम्ही निम्मी ताटे फ्रिजमध्येच ठेवली होती.

संध्याकाळी औक्षण झाले. आई मामांच्या शेजारी, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसली. ताटली सगळ्यांसारखीच, वेगळी वाटी नाही. तिने पनीर खाल्ले, पपई खाल्ली. चिकूच्या तुकड्याला ती खोकली आणि खोली एकदम शांत झाली. माझा हात तिच्या पाठीकडे निघाला होता, तो मी आवरला. माणूस जोराने खोकू शकत असेल, बोलू शकत असेल, तर त्याला खोकू द्यावे, पाठ थोपटू नये, पाणी पाजू नये. खोकला फुटेना, आवाज निघेना, तरच पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरकस थापा द्यायच्या आणि कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगायचे. मला हे पाठ होते, तरी ते चार क्षण फार मोठे गेले.

आईने हात वर करून थांबा अशी खूण केली. दोनदा खोकली, श्वास घेतला, डोळे पुसले. ‘‘बोलत होते, म्हणून,’’ म्हणाली. मग दुसरी काडी उचलली. मामा घाईघाईने दुसरीकडे पाहू लागले.

निघताना उरलेल्या काड्यांचा जुडगा तिने पिशवीत टाकला, आणि मामांकडे अडकित्ताही मागितला. रंगपंचमीला आमच्याकडे माणसे येतात, तेव्हा लागेल म्हणाली. मामांनी अडकित्ता दिला नाही. तोच घेऊन येतो म्हणाले.